बुद्धिबळ : दहा वर्षांचा डाव

पेण/रोहा : २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचे वय १९ वर्षांचे होते. अंतिम लढतीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्याने बाजी मारली. याच विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. अशा बातमीत खेळाडूचे वय ठळकपणे दिसते. त्यामागे गेलेली वर्षे मात्र दिसत नाहीत.

ती वर्षे मोजून पाहण्यासारखी आहेत. दिव्याने पट हाती घेतला तो वयाच्या पाचव्या वर्षी. २०१२ मध्ये सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद, २०१४ मध्ये डर्बन येथे दहा वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद, २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील जगज्जेतेपद, २०२१ मध्ये महिला ग्रँडमास्टर, २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर, २०२४ मध्ये गांधीनगर येथे मुलींचे जागतिक कनिष्ठ विजेतेपद आणि त्यानंतर बाटुमी. १९ वर्षांच्या आयुष्यातील सुमारे १४ वर्षे या खेळात गेली आहेत. 'इतक्या लहान वयात' असे म्हणताना हा कालखंड लक्षात घेतला जात नाही.

पेण किंवा रोह्यातील एखाद्या पालकाला आपल्या आठ वर्षांच्या मुलामुलीविषयी प्रश्न पडतो तो नेमका इथेच. मूल शेजारच्या मोठ्यांना हरवते, शाळेतल्या स्पर्धेत पदक आणते, पुढे काय? किती वर्षे, किती वेळ, आणि मुख्य म्हणजे हे सारे मुंबई-पुण्याबाहेर राहून होण्यासारखे आहे काय?

किती वर्षे, किती तास?

बुद्धिबळ हा मानसशास्त्रज्ञांचा आवडता खेळ आहे, कारण येथे कौशल्य आकड्यांत मोजता येते. डच संशोधक आड्रियान द ग्रूट यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या प्रबंधात एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. ग्रँडमास्टर सामान्य खेळाडूपेक्षा फार पुढच्या खेळ्या मोजतो, हा समज खरा नव्हता. तो योग्य खेळीकडे लवकर वळत होता, इतकेच. १९७३ मध्ये अमेरिकेतील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी याचे कारण शोधले. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर मास्टर दर्जाचा खेळाडू ती जवळजवळ तंतोतंत मांडू शके आणि नवशिका मोजक्याच सोंगट्या मांडू शके. मात्र सोंगट्या वाटेल तशा पसरून ठेवल्या की हा फरक जवळपास नाहीसा होई. मास्टरची स्मरणशक्ती जन्मजात अफाट नसते. त्याच्या मनात हजारो आकृतिबंध साठलेले असतात. कॅसलिंग केलेला राजा व त्याच्यापुढची तीन प्यादी त्याला चार सोंगट्या म्हणून दिसत नाहीत, एक ओळखीचे घर म्हणून दिसतात. हा साठा तयार होण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो, असे या दोघांनी सुचवले. 'दहा वर्षांचा नियम' म्हणून पुढे जे प्रसिद्ध झाले त्याचे एक मूळ या प्रयोगांत आहे.

नियम म्हणून तो फार काटेकोर मात्र नाही. फर्नांड गोबे व गिलेर्मो काम्पितेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनातील खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मास्टर पातळी गाठण्यास सरासरी सुमारे ११ हजार तास लागल्याचे त्यात दिसले; पण कोणी तीन हजार तासांतच तेथे पोहोचले होते, तर कोणाला तेवीस हजारांहून अधिक तास लागले. काही तर याहून अधिक तास देऊनही त्या पातळीवर आले नव्हते. 'कष्ट केले की यश ठरलेलेच' असे पालकांना सांगणारे शिकवणीवर्ग हा शेवटचा तपशील सांगत नाहीत.

२००५ मध्ये नील चारनेस व सहकाऱ्यांनी दिलेली आकडेवारी घरगुती हिशेबाला अधिक उपयोगी आहे. गांभीर्याने खेळू लागल्यापासूनच्या पहिल्या दहा वर्षांत ग्रँडमास्टर खेळाडूंनी एकट्याने बसून केलेला अभ्यास सुमारे पाच हजार तासांचा होता. मध्यम दर्जाच्या खेळाडूंच्या जवळजवळ पाचपट. पाच हजार तास हा आकडा छाती दडपवणारा वाटतो. दहा वर्षांवर वाटला तर तो रोजच्या सुमारे ८० मिनिटांचा होतो, आणि मध्यम खेळाडूचा वाटा रोजच्या पाव तासाचा. यात स्पर्धेतील डाव धरलेले नाहीत, शिकवणीचा तास नाही, मोबाइलवरचे तीन मिनिटांचे डाव तर नाहीतच. एकट्याने, पटासमोर, वहीपेन्सिल घेऊन घालवलेला वेळ तेवढा यात आहे.

मुंबईतील मुलाला जे मिळते आणि पेणच्या मुलाला मिळत नाही, त्या यादीत ही ८० मिनिटे येत नाहीत.

आधी शेवट, मग सुरुवात

या वेळात करायचे काय, यावर बहुतेक चांगल्या प्रशिक्षकांचे मत सारखे आहे आणि बहुतेक मुलांची आवड त्याच्या उलट आहे. मुलांना सुरुवातीच्या खेळ्या पाठ करायला आवडतात. सिसिलियन बचाव, किंग्ज इंडियन ही नावेच भारदस्त वाटतात. परंतु नवव्या खेळीला प्रतिस्पर्ध्याने पुस्तकाबाहेरची चाल केली की पाठांतर संपते. क्यूबाचे जगज्जेते कापाब्लांका यांचा आग्रह असे तो डावाचा शेवट आधी शिकण्याचा. पटावर सोंगट्या कमी असल्या की प्रत्येक सोंगटीची खरी ताकद कळते.

एक साधे उदाहरण घेता येईल. पांढरा राजा इ५ वर, त्याचे प्यादे इ४ वर, काळा राजा इ७ वर. पटावर दुसरे काही नाही. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. खेळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे येथे खेळण्याची पाळी असणे हाच तोटा! आता हीच मांडणी एक घर पुढे सरकवावी : पांढरा राजा इ६, प्यादे इ५, काळा राजा इ८. आता पाळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. हे का घडते ते आठ वर्षांच्या मुलाने पटावर स्वत: खेळून शोधले, तर पुढे शेकडो डावांत अदलाबदल करून शेवटाकडे जावे की नाही, हे त्याला उमजू लागते. कडेच्या उभ्या ओळीतील प्यादे आणि वजीर होण्याच्या घराच्या विरुद्ध रंगाचा उंट असूनही जिंकता न येणारी स्थिती हे याच जातीचे दुसरे उदाहरण. एक सोंगटी आणि एक प्यादे अधिक, आणि तरी बरोबरी. काळा राजा कोपऱ्यात पोहोचला की त्याला तेथून हुसकावता येत नाही. जिंकत आलेला डाव या एका अज्ञानापायी सोडून देणारी मुले प्रत्येक जिल्हा स्पर्धेत दिसतात.

दुसरा भाग डावपेचांचा : घोड्याचा दुहेरी मारा, राजासमोर खिळलेली सोंगटी, उघडा शह. ही कोडी रोज थोडी सोडवायची असतात, आणि सोंगट्या न हलवता. खेळी हलवून पाहण्याची सवय लागली की मनात पट धरण्याची शक्ती वाढत नाही. संगणकाच्या पडद्यावर चुकीची खेळी लगेच परत घेता येते, त्यामुळे ही सवय फार लवकर लागते. लाकडी पट आणि पुस्तक येथे अजूनही सरस ठरतात.

तिसरा भाग सर्वांत कष्टाचा, म्हणूनच सर्वाधिक टाळला जाणारा : स्वत:च्या डावांचे, त्यातही हरलेल्या डावांचे परीक्षण. सोव्हिएत जगज्जेते मिखाइल बोटविनिक हे या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते. ते पेशाने विद्युत अभियंता होते आणि यंत्रातील बिघाड शोधावा तसे स्वत:चे डाव तपासत. कार्पोव्ह, कास्पारोव्ह व क्रामनिक हे पुढचे तीन जगज्जेते त्यांच्या शाळेतून गेले. रीत सोपी आहे. स्पर्धेत लिहिलेली स्कोअरशीट घरी आणावी, त्याच दिवशी डाव पुन्हा मांडावा, प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर आपण काय विचार केला होता ते लिहावे, आणि त्यानंतरच संगणकाला विचारावे. क्रम उलटा झाला की शिक्षण थांबते. स्टॉकफिशसारखा विनामूल्य संगणकीय कार्यक्रम आज कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे आणि तो रोह्यातही तितकाच बलवान आहे. पण तो योग्य खेळी सांगतो. मुलाला ती का दिसली नाही, हे सांगत नाही. ते मुलानेच लिहावे लागते.

सुरुवातीच्या खेळ्यांचा अभ्यास निरुपयोगी नाही. तो या तिन्हींनंतर येतो, एवढेच.

गुणांकनाचा आलेख

दीर्घ सरावात पालकांना सर्वाधिक अस्वस्थ करते ते आंतरराष्ट्रीय एलो गुणांकन. त्याची घडण समजून घेतली तर निम्मी चिंता कमी व्हावी. जागतिक महासंघाच्या म्हणजे 'फिडे'च्या सध्याच्या नियमांनुसार गुणांकनाची किमान मर्यादा १४०० आहे. इंटरनॅशनल मास्टरसाठी २४०० आणि ग्रँडमास्टरसाठी २५०० गुण लागतात, शिवाय 'नॉर्म' पूर्ण करावे लागतात. अठरा वर्षांखालील व २३०० पेक्षा कमी गुणांच्या खेळाडूला समान बलाच्या प्रतिस्पर्ध्याला हरवल्यावर २० गुण मिळतात. प्रौढ खेळाडूला, त्याचे सुरुवातीचे ३० डाव झाले असतील तर, त्याच विजयाचे १० मिळतात. हरल्यावर तेवढेच जातातही. त्यामुळे शाळकरी मुलाचा आलेख एका वाईट स्पर्धेत शंभर गुणांनी कोसळणे मुळीच विशेष नाही. त्यावरून प्रशिक्षक बदलणे मात्र घाईचे ठरते.

आणखी एक बाब जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना ध्यानात घ्यावी लागते. १ मार्च २०२४ रोजी फिडेने २००० पेक्षा कमी गुण असलेल्या सर्वांचे गुण एकरकमी वाढवले. २००० पर्यंतच्या अंतराचे ४० टक्के मिळवले गेले. ज्याचे गुण १००० होते त्याचे १४०० झाले, १५०० चे १७०० झाले. त्या महिन्यात अनेक घरांत झालेली 'प्रगती' ही केवळ गणिताची होती.

खरी प्रगती पायऱ्यांनी होते. वर्ष-दीड वर्ष आकडा जागचा हलत नाही, मग काही महिन्यांत तो उडी घेतो. मधला काळ वाया गेलेला नसतो. जुन्या चुकीच्या सवयी मोडून नव्या रुजत असताना खेळ काही काळ बिघडतोच. गाण्याच्या तालमीत गळा बदलताना होते तसेच. मुले बुद्धिबळ सोडतात ती बहुधा याच सपाट काळात.

आणि हा काळ किती लांबू शकतो? मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये पहिले आणि दिब्येंदू बारुआ १९९१ मध्ये दुसरे ठरले होते. अनेकदा राष्ट्रीय विजेते ठरलेल्या ठिपसे यांना या किताबासाठी आनंदनंतर जवळपास दशकभर वाट पाहावी लागली. त्या काळी देशात नॉर्म मिळतील अशा स्पर्धा फार थोड्या होत आणि परदेशी प्रवास खिशाबाहेरचा होता. पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये चौथे ग्रँडमास्टर झाले. २०२४ मध्ये बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले तेव्हा संघाचे कर्णधार कुंटे होते आणि तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी खेळाडू दिव्या देशमुख होती. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या खुल्या संघात नाशिकचे विदित गुजराथी होते. चौदा वर्षांखालील जगज्जेतेपद (२००८) ते ग्रँडमास्टर (२०१३) आणि तेथून कँडिडेट्स स्पर्धा (२०२४) हा विदित यांचा प्रवास सोळा वर्षांचा आहे.

सांगलीचा धडा

नाशिक आणि नागपूर ही मोठी शहरे झाली. पेण-रोह्याला अधिक जवळचे उदाहरण सांगलीचे आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर या एका बुद्धिबळवेड्या गृहस्थाने नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, मुले जमवली, त्यांना खेळत ठेवले. त्याच गावातून भाग्यश्री साठे (ठिपसे) पुढे आल्या. त्या पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या आणि १९८७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याही सांगलीच्याच. जिल्ह्याच्या गावी, संगणक व इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून हे घडत आले. तेथे होती ती एक जागा, ठरलेली वेळ आणि दर वर्षी न चुकता होणाऱ्या स्पर्धा.

घर हीच अशी जागा झाल्याचे उदाहरण मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे. १९७४ च्या पहिल्याच राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती विजेत्या ठरल्या. मग जयश्री आणि रोहिणी यांनीही हे विजेतेपद घरातच ठेवले. १९७६ मध्ये रोहिणी वयाच्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्या. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या खेळल्या तेव्हा वादंग माजले आणि फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांना, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय द्यावा लागला. सांगण्याचा मुद्दा असा, की या तिघींना सरावासाठी जोडीदार शोधायला घराबाहेर पडावे लागत नव्हते. तुल्यबळ जोडीदार हीच लहान गावातील खरी उणीव आहे, प्रशिक्षक नव्हे. प्रशिक्षक आज पडद्यावरून भेटतो.

पेण ते रोहा

पेण आणि रोहा यांत रेल्वेने सुमारे चाळीस किलोमीटरचे अंतर आहे. मध्ये कासू, नागोठणे, निडी. एकेका गावात एका वयाची, एका बलाची दोन मुले मिळणे अवघड. दोन्ही गावे व नागोठणे मिळून सहा-आठ मुले मिळणे तितकेसे अवघड नाही. महिन्यातून दोन रविवार आलटून पालटून एकमेकांच्या गावी, वाचनालयाच्या किंवा शाळेच्या खोलीत, घड्याळ लावून, स्कोअरशीट लिहून दोन प्रदीर्घ डाव. यासाठी लागणारा खर्च म्हणजे गाडीचे तिकीट आणि डबा. मोबाइलवरील शंभर अतिजलद डावांत जे शिकता येत नाही, ते अशा दोन डावांत शिकता येते, कारण समोर बसलेल्या माणसाविरुद्ध दोन-तीन तास चित्त स्थिर ठेवणे हे कौशल्य निराळेच आहे. पावसाळ्यातील चार महिने, मैदाने पाण्याखाली असताना, कोकणात या खेळाला जेवढी सवड मिळते तेवढी क्वचितच कोठे मिळत असेल.

पेणकरांना दीर्घ पल्ल्याचे काम नवे नाही. दहा दिवसांच्या उत्सवासाठी तेथील गणपतीचे कारखाने वर्षभर राबतात, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी नवशिक्या हाताकडे कोणी देत नाही.

खर्चाचा भाग येतो तो गुणांकन स्पर्धांपासून. मुंबई, ठाणे, पुणे येथील स्पर्धा कित्येक दिवस चालतात. प्रवेशशुल्क, मुक्काम आणि सोबत जाणाऱ्या पालकाची रजा हे सारे त्यात येते. रोह्याहून रोज ये-जा करून सकाळच्या फेरीला ताजेतवाने बसणे शक्य नसते. वर्षात दहा स्पर्धांना धावण्यापेक्षा तीन-चार निवडून, मधल्या काळात त्यांतील प्रत्येक डावाचे परीक्षण करणे, हे पैशांच्या आणि खेळाच्याही दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळाचा समावेश असल्याने जिल्हा, विभाग, राज्य ही वाट त्याखेरीज खुली आहेच.

सर्वांत अवघड वळण येते ते दहावीला. आठ-नऊ वर्षांच्या वयात सुरू झालेली साधना ऐन बहरात असते तेव्हाच पट माळ्यावर टाकला जातो. 'परीक्षा झाल्यावर पुन्हा सुरू कर' असे सांगितले जाते. मुलींच्या बाबतीत तर हे जवळजवळ ठरलेले असते. दोन वर्षांनी पट खाली येतो तेव्हा बरोबरीची मुले पुढे गेलेली असतात आणि हरण्याची लाज वाटू लागलेली असते. त्या वर्षात स्पर्धा थांबल्या तरी चालते. रोजची ८० मिनिटे २० वर आली तरीही चालते. वीस मिनिटांत डावपेचांची चार कोडी सुटतात, किंवा राजा-प्याद्याचा एक शेवट मांडून होतो. पट माळ्यावर न जाता अभ्यासाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर राहिला, तर मार्चमध्ये शेवटची प्रश्नपत्रिका लिहून आल्यावर त्यावरची अर्धवट स्थिती तशीच पुढे नेता येते.